तेरा व्होल्टचे अण्णा, अठरा व्होल्टची आई

बारावीच्या मुलांना मी दर वर्षी विद्युतचुंबकीय लहरींचं ध्रुवीकरण शिकवतो. फळ्यावर एक उभी लहर काढतो, एक आडवी काढतो, दोघींच्या मध्ये काटकोन दाखवतो. मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी उतरवतात. यात आजवर कुणालाच अडचण आलेली नाही, कारण फळ्याला केबल जोडावी लागत नाही. गच्चीवरच्या छत्रीला लागते.

आमच्या सांगलीच्या घरात दोन टीव्ही आहेत. बाहेरच्या खोलीतला आईचा, आतल्या खोलीतला अण्णांचा. पूर्वी एकच होता; रिमोट कुणाच्या उशीखाली सापडला यावरून रोज चौकशी बसायची, म्हणून दुसरा आणला. दोन टीव्ही म्हणजे दोन डबे आणि दोन डबे म्हणजे दोन रिचार्ज. हे मला मान्य नव्हतं. गच्चीवर डीडी फ्री डिशची लहान छत्री होतीच. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली तेव्हापासून तिला महिन्याचं भाडं नाही. पुढे कुणीतरी सांगितलं की सहा फुटांची जाळीची छत्री लावली तर सी-बँडवरच्या, कुलूप नसलेल्या वाहिन्यासुद्धा फुकट दिसतात. फुकटावर आणखी फुकट. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

अशी छत्री मिळाली आमच्या जुन्या केबलवाल्याकडे. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्या लोकांनी छत्रीवर पाहिल्या, १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, १९९९ साली अल्फा मराठी आली, आणि वाहिन्या वाढतील तशा या माणसानं आपल्या गच्चीवर छत्र्या वाढवल्या. त्या काळात आमच्या गल्लीत त्याला नगरसेवकापेक्षा जास्त नमस्कार मिळत. मग केबल डिजिटल झाली, सिग्नल मोठ्या कंपन्यांच्या फायबरमधून येऊ लागला आणि छत्र्या बसून राहिल्या. मी गेलो तेव्हा त्यातल्या एकीवर धोतर पसरून सांडगे वाळत घातले होते. मला तीच हवी होती. सांडगे निघेपर्यंत थांबलो. भंगाराच्या भावात व्यवहार ठरला.

निघताना तो म्हणाला, "सर, ह्यो फीड दोन पोलॅरिटीचा हाय. एकाच डब्याला लावा, सुखात ऱ्हावा."

"मी फिजिक्स शिकवतो," मी म्हणालो.

"मग काय बोलायलाच नको," असं म्हणून त्यानं खरोखरच पुढे काही सांगितलं नाही.

छत्रीच्या तोंडापुढे तीन सळ्यांवर ॲल्युमिनियमची एक आखूड नळी असते, तिला फीडहॉर्न म्हणतात. छत्री लहरी गोळा करून या नळीच्या तोंडात टाकते. आमच्या नळीला लहरी पकडून सिग्नल केबलमध्ये उतरवणारे दोन एलएनबी होते, एक सरळ मागे आणि दुसरा काटकोनात बाजूला. एक उभ्या लहरी उचलणार, दुसरा आडव्या. उपग्रहाला फ्रिक्वेन्सीचा पट्टा मिळतो मोजका आणि वाहिन्यांची रांग लांब, म्हणून त्याच पट्ट्यातून एकदा उभ्या लहरीवर आणि एकदा आडव्या लहरीवर वेगवेगळा माल पाठवतात. म्हणजे निम्म्या वाहिन्या एका एलएनबीत, निम्म्या दुसऱ्यात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कलकत्त्यात अशाच सूक्ष्म लहरींचं ध्रुवीकरण तपासलं, तेव्हा जवळ होतं ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक. पानापानांत कथलाचा पातळ पत्रा घातला आणि झालं उपकरण तयार. पिळलेल्या तागाच्या जुड्याही त्यांनी वापरल्या. लहरी गोळा करायला नळीला फनेलसारखं तोंड लावलं तेही त्यांनीच. हा प्रसंग मी वर्गात रंगवून सांगतो. ज्या देशात हे काम रेल्वेच्या वेळापत्रकावर झालं तिथे मला तयार फीड जड जाईल, असं मानायला काही कारण नव्हतं.

उपग्रह निवडला ८३ अंश पूर्वेचा. तिथे जीसॅट-३० आहे, जानेवारी २०२० मध्ये सोडलेला, इन्सॅट-४ए च्या जागी बसलेला. सांगलीहून तो दक्षिण आणि आग्नेय यांच्या मध्ये, क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंच. दिशा मी मोबाइलच्या होकायंत्रावर काढली. मोबाइल लोखंडी कठड्यावर ठेवला होता, त्यामुळे पहिला अख्खा दिवस छत्री शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी होती.

तरीही टीव्हीवरचा आकडा उत्तम होता. मी गच्चीवर, मुलगा जिन्यात, बायको टीव्हीसमोर अशी साखळी होती. "किती?" मी ओरडायचो. "इंटेन्सिटी नव्वद!" खालून यायचं. "आणि क्वालिटी?" यावर बराच वेळ शांतता आणि मग मुलाचा आवाज, "आई विचारते, शून्याला पट्टी असते का?" इंटेन्सिटीची पट्टी ही फसवी बाई आहे. एलएनबीला वीज मिळाली की तो आपल्याच आवाजावर ती भरून टाकतो. समोर उपग्रह आहे की टाकी याच्याशी तिला देणंघेणं नाही. खरी ती क्वालिटी. शाळा-कॉलेजात हजेरी आणि गुण यांचं नातं मी इतकी वर्षं बघतोय, हे मला लगेच उमगायला हवं होतं.

दिशा सापडल्यावर फीडची पाळी आली. उभी लहर उभ्या एलएनबीत जायची तर फीड सरळ हवा, म्हणून मी गवंड्याची स्पिरिट लेव्हल मागून आणली आणि फीड असा ओळंब्यात बसवला की त्यावर भिंत बांधावी. पण उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, आपण उत्तरेला, आणि तो आपल्या रेखांशापासून बाजूला. त्यामुळे त्याची उभी लहर आपल्याकडे येईतो तिरकी झालेली असते. सांगलीला ८३ अंशांसाठी हा तिरकेपणा सुमारे २६ अंशांचा. फीड ओळंब्यात ठेवला की लहरीचा जवळपास पाचवा हिस्सा भलत्याच एलएनबीत शिरतो आणि क्वालिटीची पट्टी थरथरत राहते. हे सगळं गणित मी रात्री कागदावर केलं, सकाळी फीडचे स्क्रू सैल केले आणि कोनमापक लावून बरोबर २६ अंश फिरवला.

गणित छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघणाऱ्याचं होतं. मी छत्रीच्या पुढे उभा होतो.

म्हणजे फरक झाला ५२ अंशांचा. आता उभ्या एलएनबीत आडवं जास्त आणि आडव्यात उभं जास्त. काही वाहिन्या भलत्या बाजूला का सापडतात याचा मी विचार केला आणि एक नामी उपाय काढला: दोन केबलींची अदलाबदल. आडव्या वाहिन्या लागल्या! पायरीवर नारळ फुटला. उभ्या मात्र काही केल्या येईनात. तो एलएनबी बदलला, नवा आणला, केबल बदलली. मेलेली बाजू मेलेलीच.

संध्याकाळी जेवताना मी घरच्यांना फॅरडे रोटेशन समजावलं. आयनांबरातून जाताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लहरीचं प्रतल फिरतं, सूर्य तापलेला असला की जास्त. सी-बँडला हे फिरणं फार तर काही अंशांचं असतं, पण सध्या सूर्यावर डाग असतील, असं मी म्हणालो. अण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. सुनेला म्हणाले, "उद्या केबलवाल्याला बोलाव."

तो आला, गच्चीवर गेला, बाजूचा एलएनबी उघडून नळीत टॉर्च मारला. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर आत घालून टोकरायला लागला. आतून वाळलेल्या मातीचा एक कप्पा निघाला, बोटाच्या पेराएवढा, गुळगुळीत लिंपलेला. फोडल्यावर आत हिरव्या अळ्या रचून ठेवलेल्या, एकीवर एक. फीडच्या तोंडाचं प्लास्टिकचं झाकण कधीच उडून गेलं होतं आणि कुंभारमाशीनं आपल्या पोराचा संसार तिथे मांडला होता.

"सूर्यावरचा डाग न्हवं सर," तो म्हणाला. जेवतानाचं बोलणं त्याच्यापर्यंत कुणी पोचवलं ते मला अजून कळलेलं नाही. मग त्यानं फीड उलट्या बाजूला फिरवला, केबली पुन्हा जागच्या जागी लावल्या आणि चहा न घेता गेला. दोन्ही पोलॅरिटी लख्ख आल्या. एका टीव्हीवर.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण दुसरा टीव्ही हेच तर मूळ कारण होतं.

दोन एलएनबींतून दोन केबली येतात आणि डब्याला भोक एकच. म्हणून मध्ये एक लहानसा स्विच लागतो. डबा केबलमधून वरती वीज पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले की स्विच उभ्याला जोडतो, १८ पाठवले की आडव्याला. वाहिनी बदलली की डबा आपोआप व्होल्टेज बदलतो, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. फार सुंदर योजना आहे. स्विचमधून खाली एक केबल आली, ती मी दोन खोल्यांत वाटायची ठरवली.

केबल टीव्हीच्या काळातला एक स्प्लिटर कपाटात होता. तो लावला तर दोन्ही टीव्ही बंद. कारण त्यावर बारीक अक्षरांत ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, आणि एलएनबी जो सिग्नल खाली पाठवतो तो ९५० पासून सुरू होतो. शिवाय तो वीजही वर जाऊ देईना. दुसरा आणला, २४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा, दोन्ही बाजूंनी वीज जाऊ देणारा. तोवर केबलींची टोकं इतक्यांदा कापून झाली होती की त्या भिंतीतल्या भोकापर्यंत जेमतेम पोचत होत्या. एफ-कनेक्टर बसवताना जाळीचा एक तंतू, केसाहून बारीक, मधल्या तांब्याच्या तारेला टेकला होता. टीव्हीवर 'एलएनबी शॉर्ट' असं येत राहिलं आणि मी निम्मं घर उकललं. शेवटी तो तंतू मुलाला दिसला, मला चष्म्यातूनही नाही.

आणि मग दोन्ही टीव्ही एकदम चालू झाले. साधारण पाऊण मिनिट.

अण्णांची बातम्यांची वाहिनी उभ्या लहरीवर, आईची कीर्तनाची आडव्या. अण्णांचा डबा १३ व्होल्ट पाठवणार, आईचा १८. स्विचपाशी दोन्ही पोचले की मोठा आकडा जिंकतो. त्यामुळे आईनं टीव्ही लावला की अण्णांचा पडदा काळा. अण्णांनी काहीही लावलं, बंद केलं, डब्यावर चापट मारली, तरी आईच्या कीर्तनात खंड नाही. मी दोघांना समोर बसवून व्होल्टेजचं तत्त्व समजावलं: अण्णा, तुम्ही तेरा, आई अठरा, आणि जास्त असेल त्याचं चालतं.

"यात नवीन काय सांगितलंस?" अण्णा म्हणाले.

मी लोडशेडिंगच्या दिवसांत भिंतीवर चिकटवायचे तसं एक वेळापत्रक फ्रिजवर लावलं: सकाळी सात ते नऊ उभं, नऊ ते बारा आडवं, दुपारी झोपेपुरतं दोन्ही बंद, सात ते आठ उभं, पुढे आडवं. बायकोनं ते वाचलं आणि पाहुणे यायच्या आत काढून टाक म्हणाली. ते काढायच्या आधीच माझ्या डोक्यात पुढची कल्पना आली होती. फ्री डिशचा उपग्रह वेगळा, ९३.५ अंशांवरचा, त्याची लहान छत्रीही याच केबलमध्ये आणावी, म्हणजे अण्णांची वाहिनी आडवी असो की उभी, त्यांना पर्याय राहील. त्यासाठी डायसेक स्विच मिळतो. युटेलसॅटनं काढलेल्या या पद्धतीत डबा २२ किलोहर्ट्झच्या सुराचे तुकडे पाडून वरच्या स्विचला हुकूम देतो: ए लाव, बी लाव. चार छत्र्या एका केबलीवर. ए ला मोठी छत्री, बी ला लहान. हा स्विच प्रत्येक डब्यामागे स्वतंत्र असायला हवा. मी तो गच्चीवर, स्प्लिटरच्याही वर बसवला, म्हणजे दोन्ही डब्यांना मिळून एक.

व्होल्टेजमध्ये निदान मोठा जिंकत होता. डायसेकमध्ये ज्याचा हुकूम शेवटी येतो तो जिंकतो. अण्णांना हे माझ्याआधी कळलं. ते निवृत्त आहेत, त्यांना वेळ असतो. कीर्तनकार उत्तररंगाला आले, बुवांनी चिपळ्या वर नेल्या, की आतल्या खोलीत अण्णा शांतपणे फ्री डिशची एक वाहिनी लावायचे आणि बाहेर आईच्या टीव्हीवर 'सिग्नल नाही'. आई एक वाहिनी पुढे जाऊन परत मागे यायची, तिचा डबा नवा हुकूम पाठवायचा, आतून अण्णांचं "अरेच्चा!" ऐकू यायचं. दोघांना दुसऱ्याची खोली न बघता दुसऱ्याचा टीव्ही बंद करता येऊ लागला. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना इतका थेट संवाद कधी साधला नसेल. दोघांपैकी कुणीच माझ्याकडे तक्रार घेऊन येईना, ही मात्र मला जास्त चिंतेची गोष्ट वाटली.

तक्रार बायकोनं केली. केबलवाला पुन्हा आला, या वेळी चहा घेतला. पिशवीतून एक नवा सी-बँड एलएनबी काढून त्यानं माझा फीड, दोन एलएनबी, व्होल्टेजचा स्विच हे सगळं खाली उतरवलं. नव्याच्या अंगावर दोन आकडे होते, ५१५० आणि ५७५०. सी-बँडचा पट्टा ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झचा. हा पठ्ठ्या एका पोलॅरिटीचा माल ५१५० मधून वजा करून ९५० ते १४५० वर उतरवतो आणि दुसरीचा ५७५० मधून वजा करून १५५० ते २०५० वर. दोन्ही पोलॅरिटी एकाच केबलमधून, एकीला दुसरीचा धक्का न लागता, एकाच वेळी. स्विच नाही, तेरा-अठरा नाही, कितीही टीव्ही जोडा. लहान छत्रीला त्यानं दोन तोंडांचा एलएनबी लावला, दोन्ही तोंडं एकमेकांपासून स्वतंत्र, आणि डायसेक खाली आणून एकेका डब्यामागे एकेक बसवला. चहा निवायच्या आत दोन्ही खोल्यांत सगळं सुरू.

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी म्हनला की, फिजिक्स शिकवता."

खर्च बायकोनं डायरीत लिहून ठेवला आहे. त्याला रिचार्जच्या रकमेनं भागून किती महिने निघतात तेही खाली लिहिलंय म्हणे. ते पान मी उघडलेलं नाही. आता कुलूप नसलेल्या वाहिन्यांचं म्हणाल तर सी-बँडवर त्या आहेत, पण मोठ्या वाहिन्यांना कुलपं आहेत आणि उरलेल्यांत खरेदीच्या, प्रवचनांच्या आणि आम्हाला न कळणाऱ्या भाषांतल्या बऱ्याच. अण्णा चार दिवस दाक्षिणात्य सिनेमे बघत होते, संवाद कळत नाहीत म्हणून मारामाऱ्या जास्त रंगतात म्हणाले. सध्या आई सह्याद्री बघते, अण्णाही सह्याद्रीच बघतात. सह्याद्री फ्री डिशवर आहे, लहान छत्रीवर. ती पहिल्यापासून होती.

ज्यांच्या घरी दोन टीव्ही आहेत आणि गच्चीवर छत्री आहे त्यांनी स्प्लिटर घेण्याआधी दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि एकेका डब्याला एकेक केबल न्यावी. सी-बँड असेल तर ५१५०-५७५० वाला मागावा, दुकानदार समजतो. आणि ज्यांना हौसच आहे त्यांच्यासाठी आमच्याकडे दोन पोलॅरिटीचा एक फीड, तीन एलएनबी, तेरा-अठराचा एक स्विच आणि दोन स्प्लिटर विकाऊ आहेत. फीड आतून साफ केलेला आहे, तोंडाला नवं झाकण बसवलंय. किंमत बोलून ठरवू. घेणाऱ्यानं न्यायला स्वतः यावं, आणि घरात दोन टीव्ही असतील तर कृपया येऊ नये.